देवालय नसलेल्या जगातील ख्रिस्त

भाविक वाचक : जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचताना ख्रिस्ती वाचकाला आपल्या श्रद्धेतील अनेक गोष्टी ओळखीच्या वाटतात आणि ती ओळख केवळ भाबडेपणाची नाही, कारण ज्या लेखणीतून हे जग उतरले ती एका निष्ठावंत कॅथॉलिक माणसाची होती. टॉल्किन यांच्या आईने १९०० साली कॅथॉलिक पंथ स्वीकारला तेव्हा नातेवाइकांनी तिची आर्थिक मदत तोडली. १९०४ साली मधुमेहाने तिचे निधन झाले आणि दोन्ही मुलगे बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्या पालकत्वाखाली वाढले. आईने श्रद्धेपायी प्राण वेचले, अशी टॉल्किन यांची आयुष्यभर धारणा राहिली. रॉबर्ट मरे या जेझुइट स्नेह्याला १९५३ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथॉलिक असल्याचे, प्रथम नकळत आणि पुनर्लेखनात जाणीवपूर्वक तशी झाल्याचे मान्य केले आहे. मग मोरियाच्या खाईत कोसळून शुभ्र वस्त्रांत परतणारा गॅन्डाल्फ, ज्याच्या हाताच्या स्पर्शाने रुग्ण बरे होतात तो वनवासी राजा अ‍ॅरागॉर्न आणि इतरांसाठी ओझे वाहत डोंगर चढणारा फ्रोडो, या तिघांत ख्रिस्ताची संदेष्टा, राजा आणि याजक ही परंपरेने सांगितलेली तीन पदे दिसली तर त्यात वावगे काय? एल्फ लोकांची लेंबास ही भाकरी दुसरे अन्न सोबत न घेता खाल्ली तर मनोबल अधिक वाढवते, आणि मरणासन्न कॅथॉलिक व्यक्तीला अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून ख्रिस्तप्रसाद दिला जातो. शिवाय फ्रोडो वाहून नेत असलेली, अग्नीत टाकायची दुष्ट अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, म्हणजे देवदूताने मरियेला शुभसंदेश दिल्याच्या सणाच्या दिवशी. क्रुसावरील मृत्यूही त्याच तारखेला झाला, अशी जुनी समजूत आहे. मध्ययुगीन इंग्रजीच्या प्राध्यापकाने ही तारीख सहज टाकली असेल, असे म्हणणे कठीण आहे.

संशयी वाचक : तारखेचा मुद्दा सोडला तर ही यादी फार सहज तयार होते, आणि सहज तयार होणाऱ्या यादीकडे सावधपणे पाहिले पाहिजे. गॅन्डाल्फ हे नाव ‘व्होलुस्पा’ या प्राचीन नॉर्स काव्यातील बुटक्यांच्या नामावलीतून उचललेले आहे, आणि रुंद काठाची टोपी घालून हातात काठी घेतलेल्या या भटक्याचे ओडिन या देवाशी असलेले साम्य टॉल्किन यांनीच नोंदवले आहे. ओडिनही ज्ञानासाठी नऊ रात्री झाडाला टांगून घेतो. तेव्हा गॅन्डाल्फचे मरण नेमके कोणाच्या खात्यात जमा करायचे? खुद्द लेखकाने तर गॅन्डाल्फच्या पुनरागमनाने शुभवर्तमानाची आठवण झाली तरी ती गोष्ट तशी मुळीच नाही, परमेश्वराचे देहधारण ही आपण लिहू धजावे त्याहून अनंतपटीने मोठी गोष्ट आहे, असे बजावले आहे. गॅलाड्रिएल या एल्फ राणीचेही तेच. तिच्या चित्रणावर मरियेविषयीच्या शिकवणीचे ऋण असल्याचे टॉल्किन यांनी १९७१ साली मान्य केले, पण ती बंडात सामील झालेली आणि पुढे प्रायश्चित्त घेणारी स्त्री आहे, याकडेही लगेच लक्ष वेधले. मरिया तर कॅथॉलिक शिकवणीनुसार निष्पाप. म्हणजे साम्य जरा दाबून पाहिले की तडा जातो. दुसरी परीक्षा याहून कठोर आहे. अर्सुला ली ग्विन यांच्या ‘द फार्देस्ट शोअर’ या १९७२ च्या कादंबरीत गेड हा महाजादूगार मृतांच्या प्रदेशात उतरतो, तेथील दार बंद करण्यासाठी आपले सारे सामर्थ्य खर्ची घालतो आणि सोबतच्या तरुण राजपुत्राला सिंहासनापर्यंत पोहोचवतो. अधोलोकात उतरणे, स्वतःला रिते करणे, राज्याची पुनःस्थापना हे सगळे येथेही हजर आहे. पण ली ग्विन यांची वैचारिक मुळे ताओ मतात आहेत आणि पुढे त्यांनी ‘ताओ ते चिंग’ची स्वतःची आवृत्तीही तयार केली. जे जाळे कोणत्याही पाण्यात टाकले तरी तोच मासा घेऊन वर येते, त्या जाळ्याने त्या पाण्याविषयी काहीच कळत नाही.

भाविक वाचक : व्यक्तीशी व्यक्ती जुळवणारी यादी मागे घ्यायला हरकत नाही, तसे वाचन म्हणजे कोडे सोडवणे होय आणि कोडे सुटले की पुस्तक मिटले जाते. मात्र ही सवय आजची नव्हे, हे ध्यानात घ्यावे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट होमरच्या महाकाव्यातील डोलकाठीला बांधून घेतलेल्या ओडिसिअसमध्ये क्रुसाच्या लाकडाला बांधलेला ख्रिस्ती माणूस पाहत होता, आणि ख्रिस्तजन्मापूर्वी सुमारे चाळीस वर्षे रचलेल्या व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतातील बालकाचा जन्म हे येशूविषयीचे भाकीत आहे, अशी मध्ययुगाची खात्री होती. आधीच्या कथेत नंतरच्या सत्याची पूर्वछाया शोधणारी ही पद्धत कधी फार दूरवर भरकटली, हे कबूल. टॉल्किन यांच्या बाबतीत मात्र प्रश्न वेगळा ठरतो. त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपककथेविषयी, म्हणजे प्रत्येक पात्रामागे एक ठरलेला अर्थ उभा करणाऱ्या रचनेविषयी, स्पष्ट नावड व्यक्त केली आणि कथा वाचकाच्या अनुभवाला लागू पडणे ही त्याहून निराळी गोष्ट मानली. पहिल्यात लेखकाची हुकमत चालते, दुसऱ्यात वाचक मोकळा असतो. सी. एस. लुईस यांचा मार्ग दुसरा होता. १९५० च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये फितूर एडमंडच्या जागी अस्लान हा सिंह मरण पत्करतो आणि पाषाणाची वेदी दुभंगते. बोलक्या प्राण्यांचे एखादे जग असते आणि देवाच्या पुत्राने तेथे जन्म घेतला असता तर काय झाले असते, अशी कल्पना करून पाहिली आहे, असा लुईस यांचा स्वतःचा खुलासा आहे. तेथे साम्य शोधावे लागत नाही, कथेचा पायाच तो आहे; आणि टॉल्किन यांना लुईस यांचा हा नार्निया आवडला नाही.

टॉल्किन यांच्या कथेचा ख्रिस्तीपणा पात्रांत शोधणे म्हणूनच चुकीचे आहे, तो रचनेत आहे. १९३६ च्या ‘बेओवुल्फ’वरील व्याख्यानात त्यांनी त्या जुन्या काव्याचा कवी ख्रिस्ती असल्याचे आणि तो आपल्या मूर्तिपूजक पूर्वजांच्या शौर्याकडे व अटळ पराभवाकडे आदराने मागे वळून पाहत असल्याचे प्रतिपादन केले होते. टॉल्किन यांच्या कथेतील मिडल-अर्थही तसेच जग आहे. तेथे देवालय नाही, पुरोहित नाही, पूजा नाही. फॅरामिर या सेनानीचे सैनिक जेवणापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात, असा एखादाच काय तो उपासनेसारखा प्रसंग. आर्थर राजाच्या कथांमध्ये ख्रिस्ती धर्म उघडपणे येतो, हा त्यांना त्या कथांचा मोठा दोष वाटत होता. तेव्हा कथेतून धर्म वगळणे हा एका ख्रिस्ती कलावंताने विचारपूर्वक केलेला निर्णय आहे.

संशयी वाचक : म्हणजे कथेत ख्रिस्त दिसला तर तो पुरावा, आणि दिसला नाही तर तो अधिक मोठा पुरावा. अशा दाव्याचे खंडन कोणत्या पानाने करायचे? लागू पडण्याचे स्वातंत्र्य वाचकाला दिले तर ते सर्वच वाचकांना द्यावे लागते, आणि ते त्यांनी घेतलेही आहे : साठच्या दशकातील अमेरिकन विद्यार्थ्यांना ही कादंबरी यंत्रयुगाविरुद्धचे बंड वाटली, तर १९७७ साली इटलीतील नव-फॅसिस्ट तरुणांनी आपल्या शिबिराला फ्रोडोच्या हॉबिट जमातीवरून ‘कांपो हॉबिट’ असे नाव दिले. या साऱ्यांच्या हाती पुस्तक एकच होते.

मराठी वाचकाला तर हा प्रश्न अधिक जवळून माहीत आहे. जे. एन. फार्कर या मिशनऱ्याने १९१३ साली ‘द क्राऊन ऑफ हिंदुइझम’ या ग्रंथात हिंदू धर्मातील उत्तम ते सारे ख्रिस्तात परिपूर्ण होते, असा सिद्धांत मांडला, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आल्याचे सांगितले. सांगणाऱ्याच्या भावनेविषयी शंका नाही. पण पूल म्हटले की जेथे जायचे तो काठ खरा ठरतो आणि पूल पायाखाली जातो. वारकऱ्याने यावर विचारले की, तुकोबा स्वतः जेथे पोहोचले ते ठिकाण कोणते, तर त्याला काय उत्तर द्यावे? अद्भुतकथेचेही असेच होते. गीतेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला फलाची आशा न धरता शत्रूच्या मॉर्डॉर प्रदेशाकडे चालत राहणारा फ्रोडो निष्काम कर्मयोगी वाटला, तर त्याला कोणत्या अधिकाराने अडवायचे? आणि अडवता येत नसेल, तर ख्रिस्ती साम्य हे कादंबरीचे वर्णन न राहता वाचकाचे आत्मकथन ठरते.

(येथे दोघांची भूमिका वाटते तेवढी परस्परविरोधी राहिलेली नाही. वाचकाने आपल्यासाठी काय घेतले आणि कथेत काय आहे, हे दोन दावे एकमेकांत मिसळले की असा वाद अंतहीन होतो. पुढील उत्तरात ते वेगळे केले जातात.)

भाविक वाचक : टिळकांचे उद्गार आत्मकथनच होते आणि त्यांचे मोल त्यातच आहे. त्यांनी तुकाराम मागे टाकला नाही. ख्रिस्ती झाल्यावरही अभंगाची घडण त्यांच्या रचनेत राहिली. त्यांच्याही तीन शतके आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले तेव्हा बायबलच्या कथेला मराठी ओवी आणि पुराणाचा घाट दिला होता. जाणारा येथला काही घेऊन जातो आणि येणारा येथले रूप घेतो, हे पायाखाली तुडवणे नव्हे. तरीही आत्मकथन आणि वर्णन यांत फरक आहे, हा आक्षेप मान्य. म्हणून आता फक्त कथेत घडते तेवढेच पाहू.

निष्काम कर्मयोगी फ्रोडो नियतीच्या डोंगरापर्यंत टिकतो, त्यापुढे टिकत नाही. अग्नीच्या काठावर उभा राहून तो अंगठी टाकण्यास नकार देतो आणि ती आपली म्हणून बोटात घालतो. नायक हरतो, तोही शेवटच्या पावलावर. ‘बेओवुल्फ’मधील वीर हरतो तेव्हा त्याचे धैर्य अभंग असते, येथे धैर्यच संपलेले आहे. पुढे जे घडते ते अंगठीचा पूर्वीचा धनी आणि तिच्या हव्यासाने मागे लागलेला गॉलम याच्यामुळे : तो झडप घालून अंगठीसह बोट तोडतो, हर्षाने नाचतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. हा गॉलम तेथे जिवंत कसा? फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने एकदा अंधाऱ्या गुहेत दया येऊन त्याला मारले नाही, फ्रोडोने पुढे मारले नाही आणि त्याच डोंगराच्या उतारावर, हाती तलवार असताना, फ्रोडोचा सेवक सॅम यानेही मारले नाही. येथे एक तपशील निर्णायक ठरतो. टॉल्किन यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’ या आधीच्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत दयेचा तो प्रसंग नव्हताच, तेथे गॉलम पैजेचे बक्षीस म्हणून अंगठी द्यायला तयार होता, आणि ती हरवल्याचे कळल्यावर क्षमा मागून त्याने बिल्बोला बाहेरची वाट दाखवली होती. पुढील कथेच्या गरजेतून ते प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि १९५१ च्या आवृत्तीत बिल्बोची दया आली. डोंगरावरील घटनेचा अर्थ सांगताना टॉल्किन प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमा आणि परीक्षा यांविषयीच्या विनवण्यांचा आधार घेतात. माणसाचे बळ जेथे संपते तेथे पूर्वी दाखवलेली दया अनपेक्षित मार्गाने परत येते आणि ज्याने ती दाखवली त्यालाच वाचवते, याला ख्रिस्ती धर्मविचारात कृपा म्हणतात, म्हणजे कमाईशिवाय मिळालेले दान. सर्व बुडाले असे वाटत असताना होणाऱ्या या आनंददायी उलथापालथीला टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे दिलेल्या, पुढे विस्ताराने छापलेल्या परीकथांवरील व्याख्यानात ‘युकॅटॅस्ट्रफी’ असे नाव दिले आणि पुनरुत्थान हे तिचे सर्वोच्च उदाहरण मानले. हे साम्य वाचकाने चिकटवलेले नाही. ते काढले तर कथेचा शेवटच समजत नाही.

संशयी वाचक : हा युक्तिवाद पहिल्या यादीपेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि १९५१ चा बदल पाहता तो झटकून टाकता येणार नाही. पण डोंगरावरील प्रसंग कृपेचा म्हणून घ्यायचा असेल तर त्याआधी मॉर्डॉरच्या सीमेवरील किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर जे घडले तेही सोबत घ्यावे लागेल. फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोके ठेवून झोपला आहे, सॅमचाही डोळा लागला आहे. दोघांना शेलोब या महाकाय कोळिणीच्या तोंडी देण्याचा बेत करून गॉलम परत येतो आणि त्यांना पाहून थबकतो. त्याच्या चेहऱ्यावर आतल्या झगड्याची छाया पडते. डोळ्यांतली चमक विझते आणि क्षणभर तो एक थकलेला, जरेने वाकलेला, आप्त गमावलेला हॉबिट दिसतो. थरथरता हात पुढे करून तो फ्रोडोच्या गुडघ्याला अलगद स्पर्श करतो. फ्रोडो झोपेत कण्हतो, सॅम दचकून जागा होतो आणि चोरटेपणाचा आरोप करत त्याच्यावर खेकसतो. तो क्षण गेला. गॉलम पुन्हा आत मिटतो आणि त्यांना शेलोबच्या बोगद्याकडे नेतो. हा आपल्याला कथेतील कदाचित सर्वांत शोकात्म क्षण वाटतो, असे टॉल्किन यांनी लिहून ठेवले आहे.

आता हिशेब मांडावा. गॉलमने तेथे पश्चात्ताप केला असता तर डोंगरावर अंगठी हिसकावणारा गॉलम उरला नसता, निदान तो दुसऱ्याच कारणाने वागला असता. ज्याला कृपा म्हटले ती प्रत्यक्षात एका न सुधारलेल्या जिवाच्या हावेवर चालते, आणि काम होताच तो जीव आगीत जातो. जगाचे तारण झाले, गॉलमचे काय? शत्रूच्या सैन्यातील ऑर्क या जातीच्या बाबतीत हीच अडचण आणखी उघडी पडते. कधीही सुधारू न शकणारी एक संपूर्ण जात कल्पिणे ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधात जाते का, हा प्रश्न १९६५ साली डब्ल्यू. एच. ऑडन या कवीबरोबरच्या पत्रव्यवहारात पुढे आला, आणि ऑर्कांच्या उत्पत्तीविषयी टॉल्किन शेवटपर्यंत मते बदलत राहिले. साम्य शोधणारे वाचक लेंबास आणि २५ मार्च आवडीने सांगतात. ऑर्कांपाशी मात्र पाने भराभर उलटली जातात.

भाविक वाचक : पाने उलटली जातात हे खरे आहे, आणि ती उलटणे हा श्रद्धेचा पुरावा नसून तिच्या आळसाचा पुरावा आहे. ऑर्कांविषयी समाधानकारक उत्तर देता येत नाही. ते टॉल्किन यांनाही देता आले नाही. पायऱ्यांवरील प्रसंगाविषयी मात्र बोलता येते. तेथे पश्चात्तापाच्या आड येणारा खलनायक नाही, सॅम आहे : कथेतील सर्वांत निष्ठावंत, प्रेमळ, आपल्या मालकासाठी जीव देणारा सॅम. त्याची कठोर वाणी त्याच्या प्रेमातूनच उगवते, कारण त्या प्रेमात गॉलमला जागा नाही. ख्रिस्ती वाचक आजवर स्वतःला फ्रोडोच्या जागी पाहत आला, ओझे वाहणारा म्हणून. साम्य प्रामाणिकपणे घ्यायचे तर त्याने सॅमच्या जागी उभे राहिले पाहिजे आणि आपल्या निष्ठेने कोणाकोणाचे परतणे अडवले, हे विचारले पाहिजे. सॅम पुढे डोंगरावर गॉलमला सोडतो, कारण मधल्या काळात थोडा वेळ अंगठी बाळगून त्याला त्या यातनेची कल्पना आलेली असते; ती दया गॉलमसाठी उशिरा येते, जगासाठी वेळेवर. यहूदाच्या विश्वासघाताविषयी ख्रिस्ती परंपरेला जो प्रश्न कधीच पुरता सुटला नाही, तोच येथे दिसतो. वाचकाच्या पूर्वमताला मान डोलावणारे साम्य निरुपयोगी आहे. त्याला घेरणारे साम्य शोधण्याजोगे आहे. टॉल्किन यांनाही ही सीमा ठाऊक होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या फिनरॉड हा एल्फ आणि आन्ड्रेथ ही मानव स्त्री यांच्या संवादात जगाचा निर्माता स्वतः जगात उतरेल, अशी आशा येते, आणि तेथे त्यांनीच हे ख्रिस्ती धर्माच्या विडंबनाच्या फार जवळ जात असल्याची चिंता नोंदवून ठेवली आहे.

संशयी वाचक : घेरणारे साम्य ही कसोटी मान्य करता येईल, पण तिच्यामुळे एक नवी अडचण उभी राहते. सॅमच्या खेकसण्याने घेरला जाण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. कोणत्याही श्रद्धेचा, किंवा कोणतीच श्रद्धा नसलेला वाचकही तेथे अडकतो. मग त्याला ख्रिस्ती म्हणण्याने नेमकी कशाची भर पडते? कथेच्या आरंभी गॅन्डाल्फ सांगतो की, अंगठी बिल्बोला सापडावी असा हेतू होता आणि तो हेतू ती घडवणाऱ्याचा नव्हता. पण मग तो कोणाचा, हे तो सांगत नाही. लेखकाने ती जागा रिकामी ठेवली आहे. भाविक वाचक तेथे एक नाव लिहितो, आणि ते लिहिताच डोंगरावरच्या सुटकेचे श्रेय त्या नावाकडे जाते. तर मग पायऱ्यांवरचा क्षण ज्या एका कण्हण्यामुळे आणि ज्या एका जागे होण्यामुळे निसटला, त्याचा जाबही त्याच नावाला विचारावा लागेल. एका ठिकाणी हेतू आणि दुसऱ्या ठिकाणी योगायोग, अशी सोयीची वाटणी करता येणार नाही.

भाविक वाचक : वाटणी करता येत नाही, हे मान्य, जाब विचारला जावा, हेही मान्य, आणि ईयोबाच्या ग्रंथापासून श्रद्धावंतांनी तो विचारलेला आहे. पण जागा रिकामी ठेवल्याने हिशेब मिटत नाही. तेथे कोणीच नसेल तर गॉलमचा तो पुढे आलेला हात कोणी पाहिलाच नाही, असे म्हणावे लागेल : फ्रोडो झोपेत होता, सॅमने पाहिला तो चुकीचा पाहिला, आणि गॉलमला स्वतःला तो पुढे आठवत असल्याची कोणतीही खूण कथेत नाही.

संशयी वाचक : वाचकाने पाहिला.

भाविक वाचक : वाचकाने पाहिला खरा, पण वाचक त्याला क्षमा करू शकत नाही.